स्लायडरचे लघुतम माप : माऊसने अचूक मूल्य ठरविण्याचा प्रश्न

सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्रात पेशी कोठे संपते आणि पार्श्वभूमी कोठे सुरू होते, हे ठरविण्यासाठी संशोधकाला छटेचे एक उंबरठा-मूल्य निवडावे लागते. त्या मूल्याहून जे उजळ ते पेशीचे आणि जे काळसर ते पार्श्वभूमीचे, असा निवाडा मग संगणक करतो. हे मूल्य पुष्कळदा पडद्यावरील एका आडव्या पट्टीवर लहानशी मूठ माऊसने सरकवून ठरविले जाते. मूठ सरकते तसे चित्र बदलते. एके ठिकाणी नजरेला समाधान वाटते. संशोधक माऊसचे बटण सोडतो आणि पट्टीशेजारी उमटलेला आकडा वहीत टिपून घेतो. पुढे तोच आकडा प्रबंधातील कार्यपद्धतीच्या प्रकरणात जातो. पेशींची संख्या, त्यांचे क्षेत्रफळ, त्यांची सरासरी, ही सारी गणिते त्या एका आकड्यावर उभी राहतात.

हा आकडा संशोधकाने निवडला असे आपण सहज म्हणतो. परंतु त्या पट्टीवर जी मूल्ये मिळूच शकत नव्हती, ती त्याने नाकारली असे म्हणता येईल काय? आणि जे मूल्य मिळाले ते त्याच्या नजरेने ठरविले, की बटण सोडताना हात किंचित हलल्यामुळे ठरले? हे प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. वस्तुतः ज्या ज्या शास्त्रात संगणकाच्या पडद्यावरून मापे घेतली जातात, त्या प्रत्येकाशी त्यांचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात स्लायडर या साधनाची रचना, माऊसने सूक्ष्म हालचाल करण्याच्या मर्यादा आणि त्यांवरील उपाय यांचा विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : स्लायडरची अचूकता वापरणाऱ्याच्या हातात जितकी असते, त्याहून अधिक ती रचनाकाराने केलेल्या मापाच्या वाटणीत असते, आणि ही वाटणी स्थूल व सूक्ष्म अशा दोन टप्प्यांची असेल, तरच ते साधन अचूक कामास योग्य ठरते.

१. साधन आणि त्याची परंपरा

सरकत्या खुणेने मूल्य दाखविण्याची कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. विल्यम ऑट्रेड याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लॉगॅरिदमी श्रेणी परस्परांलगत सरकवून गुणाकार करण्याची युक्ती काढली, आणि तिच्यातून स्लाइड रूल हे उपकरण विकसित झाले. इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रे स्वस्त होईपर्यंत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे ते नित्याचे साधन होते. दहा इंची स्लाइड रूलवर साधारणतः तीन सार्थ अंक वाचता येत. ही मर्यादा तो वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे, कारण रेघा त्याच्या डोळ्यांसमोर असत आणि दोन रेघांमधील जागेचा अंदाज त्याला स्वतःच करावा लागे. चौथा अंक लिहिण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे.

पडद्यावरील स्लायडर हा याच कुळातला आहे. पट्टी, तिच्यावर सरकणारी मूठ आणि मुठीच्या स्थानावरून काढलेले मूल्य, असे त्याचे तीन घटक होत. मूठ हलविणारा माऊस डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत जन्मास आला. त्याचा पहिला नमुना बिल इंग्लिश यांनी १९६४ साली बनविला, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तो जाहीरपणे दाखविण्यात आला. तेव्हापासून हाताची हालचाल आणि पडद्यावरील खुणेची हालचाल यांच्यामध्ये आज्ञावली उभी राहिली. स्लाइड रूलमध्ये हात एक मिलिमीटर सरकला की पट्टीही एक मिलिमीटर सरकत असे. या गुणोत्तरात फेरफार शक्य नव्हता. माऊसच्या बाबतीत हे गुणोत्तर रचनाकाराच्या इच्छेवर अवलंबून असते. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच होय.

जुन्या व नव्या साधनात आणखी एक भेद आहे. नव्या स्लायडरशेजारी आकडा आपोआप छापला जातो, आणि तो कितीही दशांश स्थळांपर्यंत छापता येतो. साधनाची मर्यादा त्यामुळे दृष्टीआड होते. ती पुन्हा दृष्टीसमोर आणावयाची तर प्रयोगशाळेतील एक परिचित संज्ञा उपयोगी पडते.

२. लघुतम माप

व्हर्नियर कॅलिपर हाती घेतल्यावर विद्यार्थ्याला सर्वप्रथम त्याचे लघुतम माप काढावयास सांगितले जाते. मुख्य श्रेणीचे नऊ भाग व्हर्नियरच्या दहा भागांबरोबर असतील आणि मुख्य श्रेणीचा एक भाग १ मिलिमीटरचा असेल, तर लघुतम माप ०.१ मिलिमीटर होते. त्याहून सूक्ष्म अंतर त्या कॅलिपरने मोजले असे कोणी म्हणू लागल्यास परीक्षक त्याचे म्हणणे मान्य करणार नाही.

स्लायडरलाही असेच लघुतम माप असते. पट्टी २२० पिक्सेल लांब आणि मूठ २० पिक्सेल रुंद असेल, तर मुठीला सरकावयास २०० पिक्सेल उरतात. या अंतरात ० ते १००० ही मूल्ये बसविली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला ५ एकके येतात. माऊसचा कर्सर पूर्ण पिक्सेलांतच हलतो असे धरल्यास ४३५ आणि ४४० ही मूल्ये मिळतील. ४३७ हे मूल्य मात्र कितीही कुशल हाताला मिळणार नाही. वापरणारा मूठ मागेपुढे करीत राहतो आणि आपला हातच स्थिर नाही अशी स्वतःची समजूत करून घेतो. दोष त्याच्या हाताचा नसतो. ते मूल्य त्या पट्टीवर अस्तित्वातच नसते.

आरंभी दिलेल्या उदाहरणास हेच गणित लावून पाहू. सोळा बिटांच्या करड्या प्रतिमेत ० पासून ६५,५३५ पर्यंत पातळ्या असतात. मुठीला २५६ स्थाने असलेल्या पट्टीवर त्या बसविल्या, तर २५५ अंतरांत ६५,५३५ पातळ्या विभागल्या जातात, म्हणजे एका पिक्सेलगणिक २५७ पातळ्यांची उडी पडते. प्रतिमेतील सारा महत्त्वाचा भेद हजारभर पातळ्यांच्या आत सामावलेला असेल, तर संशोधकाच्या हाती निवडीसाठी जेमतेम चार स्थाने येतात. उंबरठा-मूल्य १२,०७९ असे पाच अंकांत छापलेले पाहून वाचकाला मोठ्या काटेकोरपणाचा भास होतो. प्रत्यक्षात शेजारचे उपलब्ध मूल्य १२,३३६ असते, आणि मधल्या २५६ मूल्यांपैकी एकही कधी पडताळून पाहिलेले नसते.

यावरून पहिला नियम निष्पन्न होतो. मूल्यांची व्याप्ती भागिले मुठीच्या प्रवासाचे पिक्सेल, हे स्लायडरचे लघुतम माप होय. ते कामाला लागणाऱ्या सूक्ष्मतेहून मोठे असेल, तर केवळ मूठ सरकविण्यावर विसंबून तो स्लायडर वापरू नये. तसेच शेजारच्या आकड्यात दशांश स्थळे लघुतम मापाला साजेशीच दाखवावीत. पाचाच्या टप्प्यांनी बदलणारे मूल्य ४३५.०० असे छापणे म्हणजे मापाविषयी खोटी साक्ष देणे होय.

३. हाताची मर्यादा

एका पिक्सेलला एक एकक अशी वाटणी केली म्हणजे प्रश्न मिटला, असे वाटण्याचा संभव आहे. तो तसा मिटत नाही, कारण मूल्य उपलब्ध असणे आणि ते हाताला साधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हाताची हेतुपूर्वक हालचाल कशी घडते याचा पायाभूत अभ्यास रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ साली प्रसिद्ध केला. ठेक्याच्या तालावर ठरावीक लांबीच्या रेघा काढावयास लावून, डोळे उघडे आणि डोळे मिटलेले असताना होणाऱ्या चुका त्यांनी ताडून पाहिल्या. हालचाल सावकाश असताना डोळ्यांचा पुष्कळ उपयोग होई. वेग वाढला की तो उपयोग संपत जाई. यावरून त्यांनी हालचालीचे दोन भाग कल्पिले. पहिला भाग म्हणजे लक्ष्याच्या दिशेने एकदम घेतलेली झेप. दुसरा म्हणजे लक्ष्यानजीक आल्यावर डोळ्यांच्या साह्याने केलेली बारीक दुरुस्ती. पहिल्यात वेग असतो, दुसऱ्यात काटेकोरपणा.

यानंतर १९५४ साली पॉल फिट्स यांनी या व्यवहाराला संख्येचे रूप दिले. त्यांच्या प्रयोगात माणसे हातातील लेखणीने धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टिचक्या मारीत. पट्ट्यांची रुंदी पाव इंचापासून २ इंचांपर्यंत आणि त्यांतील अंतर २ इंचांपासून १६ इंचांपर्यंत बदलले जाई. लागणारा वेळ केवळ अंतरावर अथवा केवळ रुंदीवर अवलंबून नसून त्यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, असे आढळून आले. अंतराची दुप्पट भागिले लक्ष्याची रुंदी, या संख्येचा दोन पायाचा लॉगॅरिदम म्हणजे त्या हालचालीची काठिण्यसंख्या. तिचे एकक बिट. काठिण्य जितके बिटांनी वाढते, त्या प्रमाणात वेळ सरळ रेषेत वाढत जातो.

हा नियम स्लायडरला लावून पाहावा. मूठ १२८ पिक्सेल दूर न्यावयाची आहे आणि १६ पिक्सेलांच्या पट्ट्यात कोठेही थांबले तरी चालणार आहे. काठिण्य ४ बिट. तेवढ्याच अंतरावर नेमक्या एका पिक्सेलवर थांबावयाचे असेल, तर काठिण्य ८ बिट होते. मार्ग तोच, हात तोच. काम मात्र दुप्पट अवघड झाले. मुठीचा आकार मोठा केल्याने ती पकडणे सोपे होते, परंतु सोडणे सोपे होत नाही. सोडताना लक्ष्य मुठीएवढे नसून एका मूल्याएवढे असते, ही गोष्ट रचनाकाराच्या नजरेतून वारंवार निसटते.

माऊस या नियमाला अपवाद नाही. स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेट्टी बर यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या तौलनिक अभ्यासात मजकुरातील जागा दाखविण्याच्या कामी माऊस सर्वांत जलद ठरला, आणि त्याला लागणारा वेळ फिट्सच्या नियमाने उत्तम प्रकारे स्पष्ट झाला. म्हणजे मर्यादा त्या यंत्राची नव्हती. हात व डोळा यांच्या सहकार्याची होती. पुढे १९९१ साली मॅकेंझी, सेलेन आणि बक्स्टन यांनी नुसते निर्देश करणे आणि बटण दाबून धरून ओढणे यांची तुलना केली; ओढण्याचे काम अधिक मंद आणि अधिक चुकांचे ठरले. स्लायडरवर ओढणे हेच मुख्य काम असते. शिवाय बटण दाबलेले ठेवणारे बोट उचलले जाताना माऊस किंचित हलतो. मोठ्या लक्ष्यावर हे ध्यानात येत नाही. एका पिक्सेलच्या लक्ष्यावर मात्र नेमके साधलेले मूल्य अखेरच्या क्षणी बिघडते.

४. अवघडपणाची वाटणी

काठिण्याचे बिट नाहीसे करता येत नाहीत. १०२४ मूल्यांतून एक निवडावयाचे म्हणजे १० बिटांची निवड करावयाची, हे अटळ आहे. परंतु हे ओझे एका खेपेत उचलावे की दोन खेपांत, हे रचनाकाराला ठरविता येते.

तंबोरा लावणाऱ्याकडे पाहिल्यास या वाटणीचे उत्कृष्ट उदाहरण सापडते. तो प्रथम खुंटी पिळून तार स्वराच्या जवळपास आणतो. खुंटीच्या थोड्याशा फिरण्याने स्वर बराच हलतो, म्हणून नेमका स्वर तिच्यावर मिळविण्याचा हट्ट तो धरीत नाही. त्यानंतर घोडीच्या खालच्या बाजूस तारेत ओवलेला मणी सरकवून तो स्वर नेमका जुळवितो. मणी बोटभर हलविला तरी स्वर किंचितच बदलतो. वुडवर्थने हालचालीचे जे दोन भाग सांगितले, त्यांना दोन स्वतंत्र साधने मिळाली आहेत. खुंटीवाचून केवळ मण्याने तंबोरा लागत नाही, आणि केवळ खुंटीने तो नीट लागत नाही. आपले बहुतेक स्लायडर म्हणजे मणी नसलेले तंबोरे आहेत.

संख्येत मांडावयाचे तर ३२० पिक्सेलांच्या पट्टीवर १०२४ मूल्ये एकदम बसविल्यास प्रत्येक मूल्याला पिक्सेलचा तिसरा हिस्साही येत नाही. त्याऐवजी पट्टीचे ३२ भाग कल्पिले, तर प्रत्येक भाग १० पिक्सेलांचा होतो. तेथवर मूठ सहज पोहोचते. मग सूक्ष्म अवस्थेत तीच ३२० पिक्सेलांची हालचाल त्या भागातील ३२ मूल्यांवर पसरली, तर प्रत्येक मूल्याला पुन्हा १० पिक्सेल मिळतात. पाच अधिक पाच असे दहाच बिट झाले, पण दोन्ही खेपा हाताच्या आवाक्यात आल्या. दुसऱ्या खेपेस थोडा जादा वेळ लागतो हे खरे. तथापि जे काम अशक्य होते ते शक्य झाले.

गेल्या तीन दशकांतील संशोधनात ही वाटणी अनेक रूपांनी दिसते. आल्बर्ग आणि श्नायडरमन यांच्या १९९४ सालच्या अल्फास्लायडरने दहा हजार चित्रपटांच्या नावांची यादी ७ सेंटिमीटरांहून कमी लांबीच्या पट्टीवर आणली. त्यांनी चार रचना पारखल्या, आणि त्यांतील एकीस मायक्रोमीटरचेच नाव दिले होते. नवख्या माणसाला यादीतील एक नाव शोधावयास सरासरी २४ सेकंद लागले, तर सरावलेल्यास सुमारे १३ सेकंद. मासुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेल्या फाइनस्लायडरमध्ये मूठ आणि कर्सर यांच्यामध्ये जणू रबर ताणलेले असते. कर्सर दूर नेला की मूठ वेगाने ओढली जाते, जवळ ठेवला की हळूहळू सरकते. आयात्सुका, रेकिमोतो आणि मात्सुओका यांनी १९९८ साली व्हर्नियरची कल्पनाच पडद्यावर आणली आणि एका पिक्सेलहून सूक्ष्म ओढणी साधली. स्थूल अवस्थेतून सूक्ष्म अवस्थेत जाताना खंड पडू नये यावर त्यांचा विशेष भर होता. कॅरोलिन आपेर आणि जाँ-दानिएल फेकेत यांच्या २००६ सालच्या ऑर्थोझूममध्ये पट्टीच्या दिशेने माऊस हलविला की स्थान बदलते, आणि पट्टीशी काटकोनात दूर नेला की श्रेणीची विशालता बदलते. स्थूल व सूक्ष्म यांतील निवड अशा रीतीने एकाच अखंड हालचालीत सामावली. याच धर्तीची युक्ती २००९ साली आयफोनवरील गाण्यांच्या पट्टीतही आली. बोट पट्टीपासून खाली नेले की गाण्यातील स्थान अधिक सावकाश सरकू लागले.

सूक्ष्म अवस्थेला लागणारी माहिती माऊसकडून मिळते काय, अशी शंका येथे घेतली जाईल. ती मिळते. प्रति इंच ८०० गणना करणारा माऊस सुमारे ०.०३ मिलिमीटरची हालचाल टिपतो. एका गणनेला एक पिक्सेल असे गुणोत्तर असेल, तर एका पिक्सेलवर थांबण्यासाठी हाताला तेवढ्याच अचूकतेने थांबावे लागते, आणि ते फार कठीण आहे. दहा गणनांना एक मूल्य असे केले, तर हाताला ०.३ मिलिमीटरचे क्षेत्र मिळते. पडद्याचा पिक्सेल हीच अचूकतेची अंतिम मर्यादा मानण्याचे कारण उरत नाही. रूसेल, काझिए व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली पिक्सेलहून सूक्ष्म हालचालीचा हा साठा कसा उपयोगात आणता येतो ते दाखविले आहे.

दोन टप्प्यांच्या वाटणीखेरीज श्रेणीचे स्वरूप बदलण्याचाही एक उपाय आहे. ध्वनीची कंपनसंख्या २० ते २०,००० या व्याप्तीत ३०० पिक्सेलांवर समप्रमाणात पसरली, तर एका पिक्सेलला सुमारे ६७ कंपने येतात. पहिले सप्तक, म्हणजे २० ते ४० कंपने, पहिल्याच पिक्सेलमध्ये गडप होते. अखेरचे सप्तक मात्र निम्मी पट्टी अडवून बसते. लॉगॅरिदमी श्रेणी वापरल्यास प्रत्येक पिक्सेलला मूल्य सुमारे २.३ टक्क्यांनी वाढते, प्रत्येक सप्तकाला सुमारे ३० पिक्सेल मिळतात आणि सप्तकातील बारा स्वरांपैकी शेजारच्या दोन स्वरांत सुमारे अडीच पिक्सेलांचे अंतर पडते. कानाला जे भेद सारखे वाटतात, ते हातालाही सारखे होतात. मात्र जेथे मूल्यांचे गुणोत्तर अर्थपूर्ण असते तेथेच ही श्रेणी योग्य होय. शिवाय लॉगॅरिदमी श्रेणीत शून्याला स्थान नसते. ते हवे असल्यास पट्टीच्या टोकाशी त्याची निराळी सोय करावी लागते.

५. आज्ञावली लिहिताना

तत्त्व मान्य असूनही स्लायडर बिघडतात ते बहुधा आज्ञावलीतील लहान चुकांमुळे. त्यांपैकी चार चुका विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली चूक मूठ पकडण्याच्या क्षणाची. वापरणारा मुठीच्या डाव्या कडेवर बटण दाबतो आणि आज्ञावली मुठीचा मध्य कर्सरखाली आणून ठेवते. माऊस हलण्यापूर्वीच मूल्य बदलते. पकडण्याच्या वेळी कर्सर आणि मुठीचा मध्य यांत जे अंतर असेल ते जपून ठेवावे आणि ओढताना ते कायम राखावे.

दुसरी चूक गुणोत्तर बदलण्याच्या क्षणाची. आरंभस्थानापासून माऊस ८० पिक्सेल गेला आहे आणि पिक्सेलमागे ५ एकके आहेत, म्हणजे मूल्य ४०० ने वाढले आहे. आता वापरणाऱ्याने शिफ्टची कळ दाबून सूक्ष्म अवस्था घेतली आणि पिक्सेलमागे अर्धे एकक झाले. आज्ञावली जर साऱ्या अंतराला नवे गुणोत्तर लावील, तर वाढ एकदम ४० वर घसरेल. अचूकता मागणाऱ्याचे आधीचे श्रम नेमके त्याच क्षणी वाया जातात. म्हणून अवस्था बदलताच त्या वेळचे स्थान व मूल्य हेच नवे आरंभबिंदू मानावेत.

तिसरी चूक अपूर्णांक टाकून देण्याची. सूक्ष्म अवस्थेत माऊसच्या तीन गणनांचे ०.३ एकक होते. प्रत्येक वेळी ते पूर्णांकात बदलले, तर शून्य उरते आणि सावकाश हालचालीला स्लायडर मुळी प्रतिसादच देत नाही. जोराने हलविले तरच तो हलतो. म्हणजे काळजीपूर्वक काम करणाऱ्यालाच शिक्षा होते. अपूर्णांकाची बेरीज आत साठवीत जावी आणि पूर्णांकाचे रूप केवळ अखेरच्या मूल्यास द्यावे.

चौथी चूक सीमेची. सूक्ष्म अवस्थेत मूठ थोडी आणि कर्सर पुष्कळ सरकतो. कर्सर पडद्याच्या कडेला टेकला की मूल्य बदलणेही थांबते, जरी पट्टीवर जागा शिल्लक असली तरी. अशा वेळी कर्सरच्या स्थानाऐवजी माऊसची सापेक्ष हालचाल वाचावी. त्याचप्रमाणे ओढणे चालू असता एस्केपची कळ दाबल्यास पूर्वीचे मूल्य परत यावे. चूक दुरुस्त करता येईल याची खात्री असलेला हात अधिक निर्धास्तपणे आणि म्हणून अधिक अचूकपणे चालतो.

६. स्लायडर कोठे असावा, कोठे नसावा

इतक्या उपायांची उठाठेव कशाला, सरळ आकडा लिहावयाची चौकट द्यावी, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात बरेच तथ्य आहे. ४३७ हवे आहेत हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला ते लिहू देणे हाच उत्तम मार्ग होय. वेबच्या पृष्ठरचनेसाठी असलेल्या एचटीएमएल या भाषेच्या विनिर्देशातही स्लायडर हा नेमक्या मूल्याला महत्त्व नसलेल्या प्रसंगासाठी आहे असेच धरले आहे. काही न सांगितल्यास तो ० ते १०० पर्यंत एकेका टप्प्याने चालतो. आवाज लहानमोठा करावयास याहून अधिक काही लागत नाही.

परंतु संशोधनातील पुष्कळ मूल्ये आधी ठाऊक नसतात. ती पाहता पाहता सापडतात. मूल्य बदलताच चित्र बदलते, आणि त्या बदलाकडे पाहत माणूस निर्णयाकडे येतो. हा शोध आकडे टंकून करावयाचा झाल्यास प्रत्येक पायरीवर नजर चित्रावरून उचलावी लागते. स्लायडरचे खरे सामर्थ्य या सलग शोधात आहे. म्हणून दोन्ही साधने शेजारी असावीत : शोधासाठी स्लायडर आणि नोंदीसाठी लिहिता येण्याजोगा आकडा. एकाचा बदल दुसऱ्यात तत्काळ उमटावा.

कळफलकाचा मार्गही तितकाच महत्त्वाचा आहे. बाणाच्या कळेने एक टप्पा, पेज-अप व पेज-डाउन यांनी मोठा टप्पा, होम व एंड यांनी दोन टोके, ही योजना आता रूढ आहे. हाताला कंप असलेल्या, सांधे आखडलेल्या अथवा माऊस धरूच न शकणाऱ्या माणसाला अचूक मूल्यापर्यंत नेणारा तो राजमार्ग होय. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब-सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ आवृत्तीने ओढून करावयाचे काम न ओढताही करता आले पाहिजे अशी अपेक्षा नोंदविली आहे, आणि निर्देशाच्या लक्ष्यांना किमान २४ पिक्सेल लांबीरुंदीचे माप सांगितले आहे. जी सोय अपंगांसाठी म्हणून मागितली जाते, तिचा लाभ रात्री उशिरा थकल्या हाताने काम करणाऱ्या संशोधकालाही होतो.

७. समारोप

वरील विवेचनातून रचनाकारासाठी तीन कसोट्या हाती येतात. आपल्या स्लायडरचे लघुतम माप किती, हे त्याला सांगता आले पाहिजे. त्या मापाचे मूल्य साधण्यासाठी हाताला किती पिक्सेलांचे क्षेत्र मिळते, हे त्याने पाहिले पाहिजे. आणि साधलेले मूल्य बटण सोडल्यानंतरही टिकते की नाही, याची परीक्षा त्याने स्वतःच्या सरावलेल्या हाताऐवजी दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने करून घेतली पाहिजे.

स्लायडर वापरणाऱ्या संशोधकावरही एक जबाबदारी येते. कॅलिपरने घेतलेल्या मापाबरोबर लघुतम माप लिहिण्याचा जो शिरस्ता आपण पदार्थविज्ञानाच्या पहिल्या प्रात्यक्षिकात शिकतो, तो पडद्यावरील पट्टीपाशी येताच आपण विसरतो. उंबरठा-मूल्य नोंदविताना ते कोणत्या टप्प्यांनी बदलत होते, हेही नोंदवावे. शेजारच्या एकदोन टप्प्यांवर निष्कर्ष तोच राहतो काय, हे पडताळून पाहावे आणि राहत नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. प्रबंधातील आकडा संशोधकाने निवडलेला असावा, पट्टीने त्याच्या पदरात टाकलेला नसावा, एवढीच यामागील अपेक्षा आहे. आणि ती पुरी करण्यास बहुधा एका ओळीची नोंद आणि दोन मिनिटांची पडताळणी पुरते.